धाकटीला शिकवणाऱ्या सिस्टर

"फोन कुणाच्या हातात हाय?"

सिस्टरांचा पहिला प्रश्न हाच असायचा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी हेडफोनचा एक कप डाव्या कानावर दाबून, दुसरा गालाशी लोंबत ठेवून, डोळे अर्धे मिटून त्या मला विचारायच्या. मी स्क्रीनवर बघून सांगायचे, "नंबर नवऱ्याच्या नावावर आहे."

"नावावर असंल गं नवऱ्याच्या. हातात कुणाच्या हाय?"

हे स्क्रीनवर कुठून कळणार? पण त्या दोनतीन वाक्यं ऐकायच्या आणि सांगायच्या, "नणंदंच्या हातात हाय. सून चुलीपाशी हाय, लांबून बोलतेय." मी पडताळून बघायला म्हणून पुढे ऐकायचे, तर खरोखर नणंदच "थांबा, वहिनीला देते" म्हणायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपल्याला जिथे नुसता आवाज ऐकू येतो तिथे त्यांना अख्खी खोली दिसते.

आमचं ऑफिस कर्जतच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत होतं. एका ट्रस्टसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर बनवत होतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावा-वाड्यांवर ज्या बायका गरोदर आहेत, त्यांना ते दर आठवड्याला फोन करायचं. "एक दाबा, दोन दाबा" असला प्रकार नव्हता. ते माणसासारखं बोलायचं, उत्तर ऐकून पुढचा प्रश्न ठरवायचं, सगळ्या बोलण्याचा अर्थ लावायचं आणि त्या बाईच्या नावापुढे एक रंग टाकायचं. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे आत्ता कुणीतरी जा. शिवाय ते शिकायचं. कुठल्या बोलण्यावर लोक फोन आपटतात आणि कुठल्या बोलण्यावर मोकळे होतात, हे बघून स्वतःला बदलायचं. ते बदल नीट होताहेत ना, हे बघायचं काम माझं.

आणि ते माणसात कसं वागायचं, हे त्याला शिकवायचं काम सिस्टरांचं.

सरकारी उपकेंद्रात सारी नोकरी काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. भिवपुरीजवळच्या एका गावात त्यांचं घर आणि थोडी भातशेती. नऊवारी कधीच सोडलेली, पण साडीवर मोजे आणि काळे बूट शेवटपर्यंत. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात रक्तदाब मोजायचं यंत्र. "निवृत्त मी झाले, पिशवी नाय झाली," असं म्हणायच्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना सॉफ्टवेअर ऐकवलं. बाईचा गोड आवाज म्हणाला, "नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? आपल्याला रक्तस्राव होत आहे का? आपल्या पतीचे नाव सांगा."

सिस्टर इतक्या हसल्या की हेडफोन मांडीवर पडला.

"अगं, ही कुठली सून करून आणलीत? दारात उभी राहून घरधन्याचं नाव इचारते! आमच्याकडं बाई मरंल पण नाव नाय घ्यायची. आन् रक्तस्राव म्हंजे काय, ते तुझ्या आईलापण सांगता येनार नाय. 'अंगावरून जातंय का' असं इचार. तेबी पहिल्या फटक्यात नाय. आधी पाऊसपाणी, मग जेवणखाण, मग ते."

त्या दिवसापासून सॉफ्टवेअरचं नाव पडलं धाकटी. घरात नवीन आलेली धाकटी जाऊ. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे सिस्टर तिच्यासाठी धडे लिहून आणायच्या. 'बघू' म्हणजे नाही. 'हां हां' म्हणजे ऐकलं नाही. 'बरी हाय' याचा अर्थ आवाजावर. 'मळमळतंय' हे सासऱ्यासमोर सांगतील, बाकीचं नाही. मी ते सगळं धाकटीला समजेल अशा रीतीने बसवायचे. एखादं वाक्य जमलं की सिस्टर टेबलावर बोट आपटायच्या. "आता आली गं माणसात!"

एक अडचण मात्र सुटत नव्हती. फोन बहुतेक घरातल्या मोठ्या माणसाकडे असायचा. धाकटी "सूनबाईंना फोन द्या" म्हणाली की समोरचा फोन ठेवून द्यायचा. कोण ही परकी बाई, हिला आमच्या सुनेशी काय बोलायचंय?

सिस्टरांनी त्यावर तोडगा सांगितला. "आधी मोठ्याला मान दे. त्याला दोन गोष्टी इचार. तुमी किती काळजी घेताय, असं म्हन. मग तो आपनच म्हनंल, थांब, पोरीला देतो."

मी ते बसवलं, आणि खरोखर जादू झाली. फोन आपटणं थांबलं. सासरे धाकटीशी शेतापाण्याचं बोलू लागले. एका म्हातारीने तर तिला हळदीकुंकवाला बोलावलं. आमचे साहेब मुंबईला ट्रस्टच्या बैठकीत तक्ते दाखवून आले आणि सगळ्यांसाठी पेढे घेऊन आले. हिरवे रंग वाढत होते.

सिस्टरांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. कागदात बांधून पिशवीत टाकला. दोनतीन दिवस त्या नुसते फोन ऐकत बसल्या. मग एका दुपारी हेडफोन काढून म्हणाल्या, "पोरी, धाकटी बिघडायला लागली."

"म्हणजे?"

"सासूवानी बोलायला लागली हाय. मोठ्यांशीच गोड गोड बोलते आन् फोन ठेवते. सूनंला मागतच नाय."

मी म्हणाले, "मागते की. तसा नियमच आहे."

"नियम असंल. ती मागत नाय."

मी हसले. कामाचा ढीग पडला होता. "पुढच्या आठवड्यात बघते, सिस्टर," असं मी म्हणाले. हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. पुढचा आठवडा आला, गेला. मी बघितलं नाही.

तो सोमवार होता. आषाढ लागलेला. सगळीकडे भाताची आवणी जोरात, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायची घाई. त्या दिवसांत आमच्याकडे घरात माणूस सापडत नाही. सिस्टर स्वतः पहाटे शेतावर जाऊन मग ऑफिसला आल्या होत्या, नखांत अजून चिखल होता. बाराच्या सुमारास त्यांनी सकाळचे हिरवे फोन ऐकायला घेतले. हिरवे ऐकायचं खरं तर काम नव्हतं. त्या ऐकायच्या.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

मी परत लावलं. डोंगराच्या कुशीतली एक वाडी. पहिलटकरीण, आठवा महिना. फोन सासऱ्याने घेतलेला.

"नमस्कार काका. आवणी कुठवर आली?"

"चाललीय. दोन खाचरं ऱ्हायलीत."

"सूनबाई कशा आहेत?"

"बरी हाय. निजली हाय."

"वा, आराम करू देताय, फार छान करताय काका. तुमच्यासारखं माणूस घरात असलं की काळजी नाही. पुढच्या सोमवारी फोन करते हं."

"हां हां."

हिरवा.

"किती वाजताचा हाय?"

"सकाळी अकरा दहाचा."

सिस्टरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "सकाळी अकराला सून निजली हाय," त्या हळू म्हणाल्या. "आवणीच्या दिवसांत. सासरा घरात असताना."

"आठवा महिना आहे, सिस्टर. आपणच सांगतो ना आराम करा म्हणून?"

"आपन सांगतो. ती निजत नाय. आठव्या महिन्यातली असली तरी ती बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधंल, चूल बघंल, भाकऱ्या घेऊन जाईल. सासऱ्याच्या देखत दिवसाढवळ्या आडवी होनार नाय. होतेय म्हंजे उभंच ऱ्हाता येत नाय तिला. आधीचे फोन लाव."

मी आधीचे लावले. गेल्या सोमवारी: निजली हाय. त्याआधीचा: जरा पडली हाय. त्याआधीचे दोन: बरी हाय, हाय घरात. पाचही वेळा फोन सासऱ्याने घेतला होता. पाचही वेळा धाकटीने त्याचं कौतुक केलं होतं. त्या मुलीचा स्वतःचा आवाज पाच आठवड्यांत एकदाही आला नव्हता, आणि पाचही आठवडे तिच्या नावापुढे हिरवा रंग होता.

 तेव्हाच मला दिसलं की काय झालंय. गोड शेवट झालेल्या फोनला धाकटी चांगला फोन समजत होती. सुनेला मागितलं की माणसं थोडी आखडतात, हे तिने टिपलं होतं. मग हळूहळू तिने मागणंच सोडून दिलं. सिस्टरांनी शिकवलेल्या धड्याचा पहिला अर्धा भाग तिने पक्का केला होता आणि दुसरा टाकून दिला होता.

मी त्या घरी फोन लावला. रेंज नव्हती. तिथल्या आशाताईला लावला, ती ओढ्याच्या पलीकडच्या वाडीवर अडकली होती. ओढ्याला पाणी आलेलं. साहेबांना लावला. ते म्हणाले, "पिवळा कर. उद्या पाणी उतरलं की आशाताई जाईल. तशी पद्धत आहे आपली. प्रत्येक शंकेला माणूस पाठवायला लागलो तर मशीन कशाला?"

सिस्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, मी जाते. पोरीला नेते बरुबर. तुमाला रागवायचं ते उद्या रागवा." आणि फोन बंद करून मला परत दिला.

ओळखीच्या एकाची इको गाडी मिळाली. वाटेत मी रुग्णवाहिकेला फोन करून वाडीखालच्या गावात येऊन थांबायला सांगितलं. कशासाठी विचारल्यावर काय सांगावं कळेना, तेव्हा सिस्टर मागून म्हणाल्या, "सांग, आठवा महिना, झटके येन्याची भीती." मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुम्हाला खात्री आहे, सिस्टर?"

"नाय. खात्री असती तर बसल्या जागेवरून कळवलं असतं."

खालच्या गावापर्यंत रस्ता होता, पुढे तासाभराची चढण. सिस्टरांनी बूट-मोजे काढून पिशवीत भरले, साडी खोचली आणि चालू लागल्या. त्यांचे गुडघे मला माहीत होते. ऑफिसचा जिना चढताना त्या दोनदा थांबत. त्या चढणीवर त्या एकदाही थांबल्या नाहीत. फक्त एका घसरड्या जागी माझं मनगट धरलं, आणि त्यानंतर सोडलंच नाही. वाडी दिसली तेव्हा माझ्या मनगटावर बोटांचे वळ होते.

सासरा ओटीवर बसला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, सदऱ्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. बाकी सगळे खाचरात. त्याने सिस्टरांना ओळखलं. त्याच्या मुलाला लहानपणी त्यांनीच सुया टोचल्या होत्या. "या बाय, या. आज इकडं कुनीकडं?"

मला वाटलं सिस्टर आता तडक आत जातील. त्या ओटीवर टेकल्या.

"पाणी द्या जरा," म्हणाल्या.

त्याने तांब्या आणून दिला. त्या प्यायल्या. रोपं कशी झालीत विचारलं. कोणतं भात लावलंय विचारलं.  आतून काहीच आवाज येत नव्हता, ना कण्हण्याचा, ना बांगडीचा. मला ओरडावंसं वाटत होतं की अहो, आत बघा आधी! सिस्टरांनी माझ्या पायावर आपला पाय ठेवला होता. दाबून.

"एवढी वर आले तर सूनबाईला बघून जाईन म्हनते."

"निजली हाय ती. फोनवाली बाय म्हनली, निजू द्या."

"कधीपासनं?"

"कालपासनं जरा जास्तच. डोकं लय दुखतंय म्हनत हुती."

"मी आत जाऊ का तिच्या सासूला बोलवता खाचरातनं?"

"तुमी परक्या का? जा की."

सगळं मिळून तीनचार मिनिटं गेली असतील. माझ्या हिशेबी ती सबंध दुपार होती.

आत अंधार होता. मुलगी भिंतीकडे तोंड करून गोधडीवर पडलेली. सिस्टरांनी तिला आपल्याकडे वळवलं. चेहरा इतका सुजलेला की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. दारातला उजेड डोळ्यांवर आला तसा तिने हात आडवा धरला.

"कशी हायस गं बाळा?"

"बरी हाय," ती म्हणाली.

सिस्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, नळी कानाला लावली. पारा खाली येताना त्या आकडा पुटपुटल्या, एकशे ऐंशी, आणि पट्टा सोडून पुन्हा बांधला. पुन्हा तेच. मग त्यांनी तिच्या पोटावर कान टेकला. खूप वेळ. कान हलवला, पुन्हा टेकला. उठल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर येऊन सासऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, "दादा, हिला आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं. चार गडी द्या. इचार करायला टाईम नाय."

 म्हाताऱ्याने ओटीच्या टोकाला जाऊन खाचराकडे तोंड करून हाक मारली. तशी हाक मी पुन्हा कधी ऐकली नाही. चिखलाच्या पायांची माणसं धावत वर आली. बांबूला चादर बांधून झोळी केली. सासू रडत मागून आली, तिला सिस्टरांनी एकच काम दिलं: मुलीची चप्पल आणि दवाखान्याचे कागद घे.

उतारावर निम्म्यात झटका आला. झोळी हिसके खायला लागली. एकाने काठीचा तुकडा पुढे केला. "तोंडात काय घालू नका!" सिस्टर ओरडल्या. झोळी खाली टेकवून त्यांनी मुलीला डाव्या कुशीवर वळवलं, डोकं आपल्या दोन्ही तळव्यांत धरलं आणि चिखलात बसून राहिल्या. पाऊस पडत होता. चार गडी माना खाली घालून उभे. एक मिनिट असेल, सव्वा असेल. अंग सैल पडल्यावर सिस्टरांनी नाकाशी बोट धरलं.

"उचला."

रुग्णवाहिका येऊन थांबली होती. कर्जतच्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन मिळालं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. मुलगी वाचली. बाळ आधीच गेलं होतं. ते सिस्टरांना वाडीतच कळलं होतं, पोटावर कान ठेवल्यावर. साऱ्या वाटेत त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

परत येताना गाडीत मी त्यांना विचारलं, जरा रागातच, "ओटीवर बसून पाणी काय पीत होतात, सिस्टर?"

"धाडकन आत शिरले असते तर त्यानं मला बाहेर काढली नसती, तेवढा भला हाय तो. पन मग ती माझी पेशंट झाली असती, त्याची सून नाय. चार गडी कुनी दिले असते?"

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्या चार मिनिटांत काय झालं असतं, तर तेबी माझ्याच डोक्यावर होतं. ते मला ठावं होतं."

तिसऱ्या दिवशी आम्ही तिला बघायला गेलो. वॉर्डच्या बाहेर बाकावर सासरा बसला होता. आम्हाला बघून उठला. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला, जणू मला त्यात काही दिसेल.

"बाय, ती फोनवाली सांगंल तसंच करत हुतो आमी. निजू द्या म्हनली, निजू दिली. बाकीच्या घरांत बायांना निजू देत नायत, आमी दिली. दर सोमवारी ती म्हनायची, बरं करताय काका. मंग चुकलं कुठं?"

 गोड शेवट म्हणजे चांगला फोन, हे त्या यंत्रात मीच लिहिलं होतं. मी भिंतीवरचा कसलातरी तक्ता बघत राहिले.

सिस्टर त्याच्या शेजारी बसल्या. "तुमचं नाय चुकलं, दादा. आमचं चुकलं. तिला तसं बोलायला मी शिकवलं."

त्याला ते नीट समजलं नसावं.  त्याने विचारलं, "म्हंजे आता तिचा फोन घेऊ का नको?"

"घ्या. पन उचलून पोरीकडं द्या. आन् तुमी जरा बाहेर जा."

त्याने मान हलवली.

सिस्टर आत गेल्या. मुलगी जागी होती. तिच्या मनगटातल्या बांगड्या कापून काढलेल्या, तिथे लाल वळ. सिस्टर तिच्याशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी दारातच थांबले होते. एवढंच दिसलं की बोलणारी मुलगीच होती. सिस्टर ऐकत होत्या, आणि मुलगी थांबायचं नाव घेत नव्हती.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाचही फोन स्वतः बसून ऐकले. शेवटचा संपला तेव्हा चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "आता काय करायचं ते सांगा."

मला बरंच करायचं होतं. गोड शेवटाचे गुण काढून टाकायचे होते. बाईचा स्वतःचा आवाज शेवटी कधी आला, ते मोजायचं होतं. सिस्टरांना एकच गोष्ट हवी होती.

"तिला चौथा रंग द्या. पांढरा."

"पांढरा म्हणजे?"

"म्हंजे मला कळलं नाय. बरी हाय का नाय, ठावं नाय. मानसानं बघावं. धाकटीला सगळं येतं, एवढंच म्हनता येत नाय. म्हनून ती हिरवा टाकते."

साहेब म्हणाले, "सिस्टर, पटतंय. पण पांढरेच पांढरे दिसले तर ट्रस्टवाले म्हणतील, मशीनला काही येतच नाही."

"म्हनू दे. पहिल्या वर्षाला नर्सबी तेवढीच पांढरी असते."

साहेब हसले. आम्ही कुणीच बरेच दिवस हसलो नव्हतो.

पहिल्या आठवड्यात निम्मी यादी पांढरी झाली. ट्रस्टच्या बैठकीत साहेबांना बोलणी खावी लागली. त्यांनी ती खाल्ली, आणि पांढरा रंग काढला नाही. सगळे पांढरे फोन सिस्टर स्वतः लावायच्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पाणी प्यायलाही न उठता. पुढे ट्रस्टने आणखी दोन निवृत्त नर्सबाया घेतल्या. पांढरे कमी झाले. धाकटी पुन्हा शिकली, या वेळी सावकाश. मोठ्या माणसाशी गोड बोलून झालं की ती आता थांबायची आणि म्हणायची, "काका, आता सूनबाईंशी बोलल्याशिवाय मला ठेवता यायचं नाही." काही काका अजून फोन आपटतात. त्यांच्यापुढे पांढरा पडतो.

पण सिस्टर तिला पुन्हा कधी धाकटी म्हणाल्या नाहीत. 'ते मशीन' म्हणायच्या. टेबलावर बोट आपटणंही गेलं. मी एकदा म्हणाले, "सिस्टर, चूक माझी होती. तुम्ही मला दोन आठवडे आधी सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी मला माफ केलं असंही म्हटलं नाही आणि दोषही दिला नाही. पिशवीतून डबा काढून अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. "खा. मग पुढचा लाव."

आवणीनंतर कापणी झाली, झोडणी झाली. मग एक दिवस त्यांनी साहेबांच्या टेबलावर कॅलेंडरच्या मागे लिहिलेला राजीनामा ठेवला. खालापूरकडे त्यांची बहीण एकटी राहते, तिच्याकडे जाणार होत्या. तिथल्या वाड्यांवर एक दवाखान्याची गाडी फिरते, तिच्यावर आठवड्याचे तीन दिवस काम मिळालं होतं.

"गुडघ्यांचं काय, सिस्टर? गाडीतनं चढउतार करायचा?"

"फोनात बाईचे पाय दिसत नायत गं," त्या म्हणाल्या. "पायांची सूज मला बोटानं दाबून बघावी लागते. सगळ्यांना तसं जमायचं नाय, म्हनून तुझं मशीन हाय. मला जमतंय तवर मी जाते."

मी त्यांना कर्जतबाहेरच्या चार फाट्यावर सोडायला गेले. टमटम भरलेली होती. मागच्या बाकावर एका बाईने सरकून जागा केली. तिच्या मांडीवर तान्हं मूल, टॉवेलात गुंडाळलेलं. सिस्टर बसल्या, बूट आत ओढून घेतले, पिशवी मांडीवर घेतली. माझ्याशी बोलायला म्हणून वळल्या, तर शेजारची बाई त्यांना काहीतरी म्हणाली. सिस्टरांनी टॉवेलाचं टोक बाजूला केलं, बाळाच्या बेंबीकडे वाकून बघितलं आणि तिला काहीतरी विचारलं. बाई सांगू लागली. टमटम निघाली. मी हात वर केला होता. सिस्टरांची मान खालीच होती, त्या ऐकत होत्या.